चोवीस पौंडांचं बोचकं : छोट्या विमानात हत्यारं आणि संकटकाळचं सामान कसं भरावं

नेव्हाडातल्या एका आडबाजूच्या धावपट्टीवर, सकाळी सात वाजता, मी उकिडवा बसून विमानाच्या पुढच्या चाकातून सराटा उपटत होतो. सराटा म्हणजे अगदी आपला सराटाच. सोलापूरकडच्या रानात अनवाणी चाललं की टाचेत घुसतो तोच, दोन शिंगांचा. इथले लोक त्याला बोकडाचं डोकं म्हणतात. आदल्या संध्याकाळी विमान कडेच्या खडीत बांधून ठेवलं होतं. रात्रभरात चाकातली हवा गेली आणि विमान नाक टेकून बसलं.

माझ्याकडे हत्यारं भरपूर होती. रॅचेट होता, पाने होते, तीन तऱ्हेच्या पकडी होत्या. सतरा पौंडांची ती पिशवी मी मोठ्या अभिमानाने दोन वर्षं वागवत होतो. गावातले एक निवृत्त मेकॅनिक पिकअप घेऊन आले, तर त्यांच्याकडे माझ्या दसपट हत्यारं. पण पाच इंची चाकाची ट्यूब त्यांच्याकडेही नव्हती आणि माझ्याकडेही नव्हती. ट्यूब यायला दोन दिवस लागले. मोटेलच्या खोलीत बसून मी कागदावर लिहिलं: हत्यार उसनं मिळतं, सुटा भाग मिळत नाही. त्यानंतर पिशवी रिकामी केली आणि नव्याने भरायला घेतली. ती कशी भरली, ते आता सांगतो.

आमचं विमान म्हणजे चौघांच्या भागीदारीतलं १९८१ चं सेसना १७२. कॅलिफोर्नियातून सिएरा नेव्हाडा ओलांडून वाळवंटाकडे किंवा उत्तरेला ओरेगनकडे, असा आमचा फिरण्याचा टापू. तुमचं विमान वेगळं असेल, टापू वेगळा असेल. तेव्हा यादी जशीच्या तशी उचलू नका, ती कशी ठरली ते पाहा.

आधी वजनाचं ठरवा

पिशवी भरण्याआधी तिची मर्यादा ठरवा, नाहीतर ती फुगतच जाते. मी हिशोब पौंडांत करत नाही, मिनिटांत करतो. विमानाचं पेट्रोल गॅलनला सहा पौंड भरतं. आमचं इंजिन तासाला साधारण आठ गॅलन पितं. म्हणजे सहा पौंड सामान ठेवलं आणि विमान कमाल वजनाला टेकलेलं असलं, तर साडेसात मिनिटांचं पेट्रोल खाली राहिलं. अमेरिकेत दिवसा नजरेच्या भरवशावर उडताना पोहोचल्यावर तीस मिनिटांचं इंधन शिल्लक असलंच पाहिजे, असा नियम आहे. तीस मिनिटं म्हणजे चार गॅलन, म्हणजे चोवीस पौंड. माझ्या सगळ्या सामानाची मर्यादा तीच: हत्यारं आठ पौंड, संकटाची पिशवी सात, पाणी नऊ. आता कुठलीही नवी वस्तू हातात घेतली की मी स्वतःला विचारतो, हिच्यासाठी दोन मिनिटांचं पेट्रोल सोडशील का? सतरा पौंडांच्या पिशवीतल्या निम्म्या वस्तू या एका प्रश्नात गळाल्या.

दुसरा हिशोब तोलाचा. आमच्या विमानात मागच्या सीटमागचा सामानाचा पहिला कप्पा १२० पौंडांचा, त्याच्या मागचा दुसरा ५० पौंडांचा. पण दोन्हींचं मिळून १२० च. तोल मोजताना विमानावरच्या ठरलेल्या रेषेपासून पहिल्या कप्प्याचं अंतर ९५ इंच धरतात, दुसऱ्याचं १२३, आणि वजनाला त्या अंतराने गुणतात. म्हणजे आठ पौंडांची हत्यारं पहिल्या कप्प्यात ७६० पौंड-इंच होतात आणि मागे सरकवली की ९८४. एकटा उडत असाल तर फारसं बिघडत नाही. मागे दोन जण आणि त्यांच्या बॅगा असतील, तर हाच फरक तोल मागे नेतो. पिशवी कायमची विमानात राहणार असेल, तर तिचं वजन आणि जागा तोलाच्या तक्त्यात एकदाच लिहून टाका. दर वेळी 'असेल दहाएक पौंड' असं म्हणू नका. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग पिशवी घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा.

कोणतं काम तुमचं, कोणतं नाही

अमेरिकेत नियमावलीच्या भाग ४३ ला एक परिशिष्ट आहे. खासगी वापराच्या स्वतःच्या विमानावर पायलटला कोणती किरकोळ देखभाल करता येते, त्याची यादी त्यात दिली आहे. टायर-ट्यूब बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं किंवा बदलणं, तुटलेली सेफ्टी वायर आणि कॉटर पिन (नट सैल होऊ नये म्हणून लावतात ती तार आणि खिळ) बदलणं, दिव्यांचे बल्ब, बॅटरीची देखभाल, वंगण, ही सगळी कामं त्यात येतात. काम झाल्यावर लॉगबुकात काय केलं, तारीख, सही, लायसन्सचा नंबर आणि प्रकार लिहायचा. या यादीबाहेरच्या कामाला प्रमाणित मेकॅनिक हवा. मग तुम्हाला ते काम कितीही येत असो.

भाड्याच्या किंवा क्लबच्या विमानाला विचारल्याशिवाय पाना लावू नका. तुमच्यासाठी फक्त संकटाची पिशवी. भारतात बारामती, धुळे, गोंदियाकडे शिकणाऱ्यांनीही तसंच धरावं. तिथे पाना एएमईच्या, म्हणजे परवाना असलेल्या विमान-इंजिनिअरच्या, हातात आणि पाण्याची बाटली तुमच्या.

कायदा परवानगी देतो म्हणून काम येतं असं नाही. आमच्या मेकॅनिकच्या डोळ्यांदेखत हँगरमध्ये मी तीनदा प्लग काढून बसवले आणि दोनदा चाक उतरवलं. तेव्हा कळलं की कोणता पाना कुठे शिरतच नाही. यादी खरं तर तिथेच तयार होते. पुढच्या वार्षिक तपासणीला अर्धा दिवस रजा काढा, काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलेलं असताना मेकॅनिकजवळ उभे राहा आणि त्यांनी कोणत्या मापाचं हत्यार उचललं ते टिपत जा.

हत्यारांची थैली

सेसना आणि लायकमिंग इंजिन, दोन्ही इंचाच्या मापातली. ३/८, ७/१६, १/२ आणि ९/१६ हे चार पाने घेतले की बहुतेक बोल्ट सुटतात. गावाकडून येताना मी मिलिमीटरचा संच हौसेने आणला होता. त्यातला १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे गोल करतो. तो संच आता घरच्या सायकलीला कामी येतो. रोटॅक्स इंजिनाचं विमान असेल तर मात्र उलट, तिथे मिलिमीटरच.

बाकी थैलीत एक छोटा रॅचेट आणि एक एक्स्टेन्शन, प्लगचं खोल सॉकेट ७/८ चं, बदलत्या टोकांचा एकच स्क्रूड्रायव्हर (दोन नंबरचं फिलिप्स टोक जास्तीचं, कारण तेच झिजतं), एक नोजप्लायर, एक तार कापायची पक्कड, व्हॉल्व्ह कोर (ट्यूबच्या तोंडातली हवा अडवणारी सुई) काढायची किल्ली, हवेचा दाब मोजायचा गेज आणि कपाळावर बांधायची बॅटरी. हातमोजे, दोन चिंध्या, थोडी जाड चिकटपट्टी, मूठभर केबल टाय. ०.०३२ इंचाच्या सेफ्टी वायरचं छोटं वेटोळं आणि फिल्मच्या जुन्या डबीत दोन-तीन मापांच्या कॉटर पिना. तार पिळायची खास पक्कड मी नेत नाही. नोजप्लायरने जमतं, वेळ लागतो इतकंच. पण तार नेहमी नट घट्ट होण्याच्या दिशेने ओढणारी हवी. उलटी बांधलेली तार नुसता दागिना.

आता सुटे भाग, कारण खरं वजन तिथे खर्च करायचं. पुढच्या चाकाची ५.००-५ ची ट्यूब आणि मागच्याची ६.००-६ ची. दोन स्पार्क प्लग आणि चार नवे तांब्याचे वॉशर. एक लँडिंग लाइटचा बल्ब. व्हॉल्व्ह कोर दोन. टाल्कम पावडरची लहान डबी, कारण ट्यूब कोरडी घातली तर टायरला चिकटते आणि चिमटते. ऑइलच्या दोन बाटल्या, चाकाचे अडसर, टोबार (विमान हाताने ओढायचा दांडा) आणि दोर मी या चोवीस पौंडांत धरत नाही. ते विमानाचंच सामान आहे आणि तोलाच्या तक्त्यात आधीपासून लिहिलेलं आहे. ऑइलची अर्धी बाटली मात्र कधी नेऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि बाटली हळूच गळते. भडंगाचं पाकीट आठ हजार फुटांवर कसं टम्म होतं ते पाहिलंत, तर ऑइलचं काय होत असेल ते सांगावं लागणार नाही.

प्लगचं काम जवळून पाहा, कारण बाहेरगावी सर्वांत जास्त हेच अडतं. आमच्या चार सिलिंडरांना आठ प्लग आहेत, प्रत्येकी दोन, वेगवेगळ्या मॅग्नेटोंवर. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगीची वीज पुरवणारं यंत्र. उड्डाणाआधी १,७०० आरपीएमवर एकेक मॅग्नेटो तपासतो. आरपीएम १२५ पेक्षा जास्त पडायला नको आणि दोन्हींत ५० पेक्षा जास्त फरक नको. एखाद्या बाजूला इंजिन खोकायला लागलं, तर लगेच हत्यारं काढू नका. आरपीएम दोन हजारांच्या आसपास नेऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ करा, म्हणजे पेट्रोल कमी करा, आणि तसंच थोडा वेळ चालू द्या. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. त्याचा थर प्लगवर बसतो आणि उष्णतेने पुष्कळदा जळून जातो. पुन्हा तपासा. दोन-तीनदा करूनही खोकला गेला नाही, तर इंजिन बंद.

मग दोषी सिलिंडर शोधायचा. खराब बाजूच्या मॅग्नेटोवर इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं. मॅग्नेटो बंद, मिश्रण बंद, किल्ली खिशात. तरीही पंखा जिवंतच आहे असं समजून त्याच्या वाटेत हात घालायचा नाही, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटलेली असेल तर हाताने हललेला पंखाही इंजिन पेटवतो. काऊलिंग काढून चारही एक्झॉस्ट नळ्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. तीनवर चर्र होतं, चौथ्यावर थेंब आरामात बसून राहतो. तोच सिलिंडर. बहुतेक वेळा त्याचा खालचा प्लग गुन्हेगार, कारण ऑइल आणि शिसं दोन्ही खाली उतरतं. लीडचा, म्हणजे प्लगला येणाऱ्या तारेचा, नट ३/४ च्या पान्याने सोडवा (काही तारांच्या संचांना मोठा लागतो, आपलं आधी मोजून ठेवा) आणि लीड सरळ रेषेत ओढा, पिळू नका. प्लग काढला की तोंडाशी राखाडी रंगाचे शिशाचे मणी दिसतात, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. ते टोकाने कोरून काढण्यापेक्षा मी सरळ नवा प्लग लावतो, नव्या वॉशरसकट. टॉर्क ३५ फूट-पौंड. टॉर्क रेंच मी नेत नाही, जड असतो. तो जिथे विमानं आहेत तिथे उसना मिळतोच, आणि मिळेपर्यंत मी उडत नाही. जमिनीवर पडलेला प्लग चांगला दिसला तरी वापरायचा नाही. आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून कळत नाही.

चाकाबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगतो. विमानाचं चाक दोन अर्ध्या थाळ्या बोल्टने जोडून केलेलं असतं. टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सोडवले, तर थाळ्या तोफेसारख्या उडतात. व्हॉल्व्ह कोर पूर्ण काढा, फुस्स आवाज थांबू द्या, टायर हाताने दाबून पाहा, मगच पाना लावा. जॅक मी नेत नाही. पुढचं चाक उचलायला शेपटीचं बांधायचं कडं जमिनीतल्या हुकाला खाली ओढून बांधता येतं. मागच्यासाठी मदत बोलवावी लागते आणि ती बोलवावी.

बॅटरी उतरली तर गाडीच्या केबल लावू नका. आमचं विमान २४ व्होल्टचं आहे, गाडी १२ ची. हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करणं तर ज्यांना शिकवलेलं नाही त्यांनी विसरूनच जावं.

भरताना

हत्यारांना कडक पेटी नको. अपघातात ती दगडासारखी येते. कॅनव्हासची गुंडाळी घ्या, प्रत्येक पान्याला एक खिसा शिवलेली. माझी गुंडाळी बायकोच्या जुन्या जीन्सची आहे. प्रत्येक हत्यारावर केशरी पट्टी चिकटवलेली आहे आणि आतल्या झाकणावर वस्तूंची संख्या लिहिलेली आहे. काऊलिंग बंद करण्याआधी खिसे मोजायचे. एक खिसा रिकामा असेल तर पाना इंजिनात आहे, आणि तो सापडेपर्यंत काऊलिंग बंद होत नाही. एकदा पंधरा मिनिटं शोधून तो माझ्याच मागच्या खिशात सापडला. शोधणं तरीही बरोबर होतं.

लोखंड होकायंत्राजवळ ठेवू नका. डॅशबोर्डवर ठेवलेला स्क्रूड्रायव्हर होकायंत्राला बिनदिक्कत भरकटवतो, आणि चुंबकाचं टोक असेल तर विचारूच नका.

संकटाची पिशवी: आधी अंगावरचं

इथून पुढे मी हत्यारांचा हिशोब सोडतो आणि वेगळा प्रश्न विचारतो: विमान पडलं, पेटलं आणि दहा सेकंदांत दार उघडून बाहेर पडलो, तर माझ्याजवळ काय असेल? मागच्या कप्प्यातली सुरेख पिशवी जळून जाईल. उरेल ते फक्त अंगावरचं. म्हणून सर्वांत मोलाच्या वस्तू मी मासेमारीच्या बिनबाह्यांच्या जाकिटात ठेवतो आणि ते जाकीट सीटबेल्टखाली घालूनच उडतो.

त्यात पीएलबी, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारा स्वतःचा आणीबाणीचा बीकन. शिवाय पट्टा कापायचा कटर, शिट्टी, आरसा, दोन लायटर, एक टूर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा), फोन, चष्म्याची जोडी आणि माझ्या रोजच्या गोळ्या दोन दिवसांच्या. बस्स. जाकीट दोन पौंडांच्या आत बसतं आणि खिसे बंद होतात.

विमानात इएलटी, म्हणजे विमानाचा स्वतःचा बीकन, असतो, मग वेगळा बीकन कशाला? जुने इएलटी फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर ओरडतात, आणि उपग्रहांनी ती लहर ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं. तेव्हापासून ती फक्त जवळून जाणाऱ्या विमानांना आणि नियंत्रण केंद्रांना ऐकू येते. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन उपग्रह ऐकतात, तो कोणाचा आहे हे त्यांना कळतं, आणि त्यात जीपीएस असेल तर जागाही कळते. पण इएलटी विमानाला जोडलेला असतो. धडकेत त्याचा अँटेना तुटला की तो मुका. खिशातला बीकन मात्र तुमच्याबरोबर बाहेर येतो. त्याची नोंदणी फुकट आहे आणि दर दोन वर्षांनी ताजी करावी लागते. नोंदणीत घरच्यांचा नंबर नसला, तर शोधकेंद्र फोन कोणाला करणार? मी पहिल्यांदा तिथे स्वतःचाच नंबर दिला होता. लक्षात आल्यावर बायकोचा दिला.

या टापूत उडणाऱ्या कोणालाही स्टीव्ह फॉसेट यांचं नाव माहीत असतं. फुग्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेला हा माणूस ३ सप्टेंबर २००७ ला नेव्हाडातून छोट्या सुपर डेकॅथलॉन विमानाने निघाला. फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठे जाणार आणि कधी पोहोचणार याची नोंद, भरलेला नव्हता. आठवडेच्या आठवडे शोध चालला. शोधणाऱ्यांना जुन्या, कोणाला ठाऊक नसलेल्या विमानांचे सांगाडे सापडले, त्यांचं विमान नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर मॅमथ लेक्सजवळ एका पदयात्रीला त्यांची ओळखपत्रं सापडली आणि मग अवशेष. ती धडक इतकी जबर होती की कुठल्याही पिशवीने ते वाचले नसते. पण सिएराच्या डोंगरात एखादं विमान किती बेमालूम नाहीसं होतं, हे मी त्या प्रकरणातून शिकलो. म्हणून फ्लाइट प्लॅन भरतोच. तो वजनाला शून्य आहे. पोहोचण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुम्ही तो बंद केला नाही, तर शोध सुरू होतो. बंद करायला विसरू नका. नाहीतर तुम्ही हॉटेलात चहा पीत असाल आणि लोक तुम्हाला शोधत असतील.

मग हाताजवळची पिशवी

कॅनडाचा नियम मला यादीपेक्षा जास्त आवडतो. तो वस्तू सांगत नाही, चार कामं सांगतो: विस्तव पेटवता यावा, आडोसा करता यावा, पाणी मिळवता किंवा शुद्ध करता यावं आणि दिसेल अशी खूण करता यावी. माझी सात पौंडांची पिशवी याच चार कामांभोवती आणि प्रथमोपचाराभोवती भरलेली आहे.

आडोशाला मी सर्वांत जास्त वजन देतो. सिएरात ऑगस्टच्या रात्रीही दात वाजतात. चंदेरी चादर वाऱ्यात फाटते. त्यापेक्षा तिचीच पिशवीसारखी शिवलेली जाड झोळी, माणशी एक. शिवाय एक केशरी ताडपत्री आणि वीस फूट दोरी. ताडपत्री आडोसाही होते आणि खूणही. विस्तवासाठी लायटर आणि व्हॅसलिन चोळलेले कापसाचे बोळे. दहा बोळे एका छोट्या डबीत मावतात आणि ओल्या काटक्याही पेटवतात. विस्तव विमानापासून लांब आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, कारण पंखांतून पेट्रोल गळत असेल. गॅसचं कारतूस आणि बारुदाचे फ्लेअर (खुणेसाठी पेटवायच्या कांड्या) मी केबिनमध्ये आणत नाही. आग लागण्याची भीती आणि आग लावायचं सामान एकाच पिशवीत कशाला? इथे माझं आणि एका भागीदाराचं अजून एकमत नाही.

खुणेसाठी आरसा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलका. दोन बोटं पुढे धरून त्यांच्या फटीत विमान दिसेल असं करायचं, आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पडेल असा फिरवायचा. अंगणात सरावाला पाच मिनिटं पुरतात. जमिनीवर दगडांनी किंवा ताडपत्रीने मोठा इंग्रजी व्ही काढला तर मदत हवी, एक्स काढला तर वैद्यकीय मदत हवी. हातातला रेडिओ असेल तर १२१.५ वर बोला. वरून जाणारी मोठी विमानं ती लहर ऐकत असतात. त्या रेडिओला साध्या एए सेलचा कप्पा घ्या, चार्जर रानात कुठे लावणार?

प्रथमोपचारात बाजारची चाळीस चिकटपट्ट्यांची डबी नको. मोठे दाबपट्टे, जाळीचं कापड, कात्री, हातमोजे, वेदनाशामक. वाळवंटात उभ्या केबिनमध्ये उन्हाळ्यात भट्टी होते आणि औषधं बिघडतात, म्हणून औषधांची छोटी पुरचुंडी मी घरी नेतो आणि दर खेपेला परत आणतो. ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या पायलटने उड्डाणाआधी घ्यायच्या नसतात. त्या प्रवाशांच्या.

पाणी चार लिटर, दोघांसाठी. यात कपात नाही, चौघे असलो तर दुसरं काही काढतो पण पाणी वाढवतो. एकच मोठी कॅन नको, एक फुटली की सगळं गेलं. लिटर-लिटरच्या बाटल्या, हिवाळ्यात थोड्या रिकाम्या, गोठून फुटू नयेत म्हणून. खायला शेंगदाण्याची चिक्की. चॉकलेट वितळतं, बिस्किटांचा चुरा होतो. गूळ-शेंगदाणा नुसता मऊ पडतो आणि एका वडीत तासभर निघतो.

पिशवी ठेवायची कुठे? बाहेर पडताना हात पोहोचेल तिथे. मी ती मागच्या सीटवर बेल्टने बांधतो. मागे माणसं असतील तर सामानाच्या कप्प्यात अगदी वर, जाळीखाली. हत्यारांची गुंडाळी त्याखाली, तीही बांधलेली. मोकळी आठ पौंडांची गुंडाळी धडकेत तुमच्या मानेवर येईल. अग्निशामक दोन्ही सीटांच्या मध्ये, हॅलॉन किंवा तत्सम वायूचा. घरातली पावडरची नळी नको. तिने केबिनमध्ये काही दिसत नाही आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि पॅनेलवर कार्बन मोनॉक्साइडचा आवाज करणारा डिटेक्टर. सेसनाचा हीटर एक्झॉस्टच्या भोवतालची हवा आत घेतो. तिथे चीर गेली तर विष वासाशिवाय येतं आणि तुम्हाला फक्त डोकं दुखल्यासारखं वाटतं.

समुद्रावरून उडणार असाल, मग ते कोकण असो की कॅलिफोर्नियाजवळचं कॅटालिना बेट, तर लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा. फुगवायचं मात्र दाराबाहेर पडल्यावर. आतच फुगवलं तर छताला चिकटून राहाल.

उड्डाणाआधी एक मिनिट

शेजारी बसणाऱ्याला तीन गोष्टी दाखवतो: दार कसं उघडतं, पिशवी कुठे आहे, माझ्या खिशातला बीकन कसा सुरू होतो. उतरण्याआधी संकट दिसलं तर दारं किलकिली करायची, नाहीतर धडकेत चौकट वाकून ती अडकतात. सुखरूप बाहेर पडलात आणि आग नसेल, तर विमान सोडून चालायला लागू नका. वरून माणूस दिसत नाही, पंख दिसतात. हे सगळं सांगताना सासूबाई एकदा म्हणाल्या, "अहो, मग आपण गाडीनेच जाऊया ना?" त्या आल्या, पण पर्स मांडीवर घट्ट धरून.

वर्षातून एकदा दोन्ही पिशव्या जमिनीवर ओतायच्या. मी तो दिवस खंडेनवमीचा ठरवला आहे, हत्यारं तशीही त्या दिवशी पाटावर मांडायची असतात. पाने पुसून त्यांना हळद-कुंकू लागतं, बीकनच्या बॅटरीची तारीख, अग्निशामकाचा काटा, गोळ्यांच्या मुदती पाहिल्या जातात. ट्यूबवर नव्याने पावडर, पाणी बदललं, लायटर पेटवून पाहिला, पिशवी पुन्हा काट्यावर. गेल्या वर्षी सगळं मिळून सव्वीस पौंड भरलं. कोणीतरी, बहुधा मीच, आत दुसरा नोजप्लायर आणि एक चाकू टाकला होता. जुनी चिक्की त्या संध्याकाळी चहाबरोबर संपते.